ऐतिहासिक पत्रांची मितिनिश्चिति व संगणकाचा पंचांगवर्ग

बुधवार पेठेंतील अप्पा बळवंत चौकाच्या पुस्तकबाजारांत पंचांगेंही मिळतात व संगणकभाषांचीं पुस्तकेंही. या दोहोंचा संबंध ऐतिहासिक पत्रांच्या मितिनिश्चितींत येतो. मोडक व खरे यांच्या जंत्र्यांवरून आपण जें काम करितों, तें आतां संगणकाकडून करवितां येतें. मात्र त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावें, हें पाहिलें पाहिजे.

जावा या भाषेंत तारखांचे नियम व गणित एकत्र बांधलेला 'ग्रेगरियन कॅलेंडर' नांवाचा तयार सांचा आहे. अशा सांच्यास वर्ग म्हणतात. हा वर्ग १५ ऑक्टोबर १५८२ पासून ग्रेगरियन पद्धति गृहीत धरितो. इंग्रजांनीं ती १७५२ सालीं स्वीकारली. श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची मिति ज्येष्ठ शुद्ध १३, शनिवार, शके १५९६. इंग्रजी जुन्या पद्धतीनें ६ जून १६७४. ही तारीख त्या वर्गास जशीच्या तशी दिल्यास वार बुधवार येतो! पद्धति पालटल्याचा दिवस १४ सप्टेंबर १७५२ असा नेमून दिला, म्हणजे शनिवार मिळतो.

पेशवाईच्या कागदांतील सुहूर सनाचा वर्ग या भाषेबरोबर येत नाहीं. तो स्वतः रचावा लागतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १, ६०, १०० व १००० मिळून ११६१. सूर्य मृगांत गेल्यापासून डिसेंबरअखेर यांत ५९९ व तेथून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले, कीं इसवी सन येतो. १४ जानेवारी १७६१ चें पानिपतचें युद्ध याच सनांतील.

खरी अडचण पुढेंच आहे. सुहूर वर्ष सौर, पण महिने मोहरमादि चांद्र. बारा चांद्र मासांचे दिवस सुमारें ३५४. म्हणून वर्षारंभींचे सुमारें अकरा चंद्र त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हां येतात. त्यांपैकीं एखादा चंद्र पत्रावर असल्यास एका मितीचे दोन दिवस निघतात, आणि चुकीचा घेतल्यास पत्र मोहिमेपूर्वींचें कीं नंतरचें, हेंच उलटें ठरतें.

यास्तव प्रत्येक कालगणनेचा वर्ग स्वतंत्र असावा, सर्वांनीं दिवसाचा एकच अनुक्रमांक, म्हणजे अहर्गण, वापरावा, आणि सुहूर वर्गानें संभवणारे दोन्ही दिवस सांगावे. त्यांतून निवड करणें हें वार, तिथि व मजकूर ताडून पाहणाऱ्या संशोधकाचें काम होय. एकच उत्तर देऊन शंका झांकणारें यंत्र इतिहासास उपकारक नाहीं.