देवघेव

देवळाली कॅम्पात राहायला आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना मी एक गोष्ट हमखास सांगते. इंग्रजीत ‘डूलॅली’ असा एक शब्द आहे, डोकं फिरलेला अशा अर्थाचा. तो आपल्या देवळालीवरून पडला. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत पडून असायचे. बोट कधीकधी महिनोन् महिने मिळायची नाही. वरून उन्हाळा, आजारपण, आणि हाताला काम नाही... मग एखादा बिथरला की म्हणायचे, ह्याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. हा टॅप म्हणजे आपला ताप.

पाहुणे हसतात. मला मात्र दरवेळी माझी नोकरी आठवते. कारण माणसाला ताटकळत ठेवलं की काय होतं, ते मी काउंटरमागे बसून बरीच वर्षं पाहिलंय.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव विभाग माझ्याकडे होता. परवा भाचीचा फोन आला. ती सध्या लायब्ररी सायन्स करतेय. म्हणाली, “मावशी, आमच्याकडे पुस्तक मशीनवर ठेवलं की आपोआप नोंद होते. मग तू काउंटरवर बसून नेमकं काय करायचीस गं?” फोनवर काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. नंतर वाटलं, हे नीट लिहून काढावं.

‘देवघेव’ हा शब्द फार नेमका आहे. वाचकाला काय द्यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पुस्तक द्यायचं. पण त्याबदल्यात त्याच्याकडून काय काय घ्यायचं? पैसे, वेळ, त्याचं नाव, त्याची सही... ग्रंथालयांचा इतिहास मला हल्ली ह्या ‘घेव’च्या बाजूने वाचावासा वाटतो.

सुरुवात घरापासून करू. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं ‘सावाना’, १८४० सालचं. महाराष्ट्रातली त्या काळातली बरीचशी वाचनालयं अशीच गावातल्या लोकांनी एकत्र येऊन काढलेली. वर्गणी भरायची आणि पुस्तक घरी न्यायचं. संस्था टिकल्या त्या ह्याच वर्गणीवर. पण जो वर्गणी भरू शकत नव्हता, तो दाराबाहेर राहिला हेही खरंच.

ह्याला वेगळं उत्तर शोधणारा माणूसही आपल्याच जिल्ह्यातला. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ. १८६३ सालचा जन्म. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तोवर त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं! अक्षरओळख राजवाड्यात गेल्यावर झाली. ह्याच राजाने पुढे १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग पुढचा प्रश्न आला, शाळेतून बाहेर पडलेली पोरं वाचणार काय? अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० साली तिथल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल त्यांनी बडोद्याला आणला. बॉर्डन तीनच वर्षं राहिला, पण तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, माणसं तयार करायचा वर्ग सुरू झाला, आणि खेड्यांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. महाराजांनी स्वतःचा ग्रंथसंग्रहसुद्धा लोकांना देऊन टाकला. गावातल्या शेतकऱ्याने वर्गणी भरायची नाही, शहरात यायचं नाही, पेटीच त्याच्याकडे जाईल अशी ती व्यवस्था. म्हणजे घेव जवळजवळ शून्य.

विद्यापीठांची कथा वेगळी. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ ची. पण ती मुळात परीक्षा घेणारी विद्यापीठं होती, शिकवणं कॉलेजांकडे. त्यामुळे ग्रंथालयाची घाई कोणाला नव्हती. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून राजाबाई टॉवर आणि त्याखालचं ग्रंथालय १८७८ च्या सुमारास झालं. मद्रास विद्यापीठाला तर पहिला ग्रंथपाल मिळाला तो थेट १९२४ मध्ये. स्थापनेनंतर ६७ वर्षांनी!

तो ग्रंथपाल म्हणजे शि. रा. रंगनाथन. आमच्या धंद्यातले आद्य गुरू. मूळचे गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालयात आले आणि इतके कंटाळले की थोड्याच दिवसांत जुनी जागा परत मागायला गेले. रिकामं ग्रंथालय, वाचक नाहीत, दिवस सरत नाही. (देवळालीच्या शिपायांसारखंच की!) आधी शिक्षणासाठी लंडनला तर जाऊन या, मग बघू, असं सांगून त्यांना पाठवलं गेलं. तिकडे त्यांनी गावोगावची ग्रंथालयं पाहिली, आणि १९२५ मध्ये परतले ते दुसरेच होऊन.

१९३१ साली त्यांनी पाच सूत्रं मांडली. लायब्ररी सायन्सच्या पोरांना ती पाठ असतात. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ह्यातलं चौथं सूत्र आमच्या काउंटरसाठीच लिहिलंय असं मला नेहमी वाटायचं. बंद कपाटांच्या पद्धतीत वाचक चिठ्ठी लिहितो, परिचर आत जातो, दहा मिनिटांनी येऊन ‘नाही’ म्हणतो, वाचक पुन्हा दुसरी चिठ्ठी लिहितो. ह्यात वाचकाचा जो वेळ जातो तो कुठल्याच हिशोबात धरला जात नाही. रंगनाथनांनी तो धरला. वाचकाला थेट कपाटांपर्यंत सोडा, म्हणाले. सोडलं की काही पुस्तकं जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण चार पुस्तकं वाचवण्यासाठी हजार वाचकांवर संशय घ्यायचा का, हा खरा प्रश्न.

वर्गणी, वेळ, विश्वास झालं. उरलं नाव. आणि इथेच मला माझं स्वतःचं काहीतरी सांगायचंय.

आमच्याकडे ब्राऊन पद्धत होती. नीना ब्राऊन ह्या अमेरिकन बाईंच्या नावाची, १८९५ ची. वाचकाला पुठ्ठ्याची पाकिटासारखी तिकिटं मिळत. जितकी तिकिटं तितकी पुस्तकं. पुस्तक नेताना त्यातलं कार्ड काढून वाचकाच्या तिकिटात खोचायचं आणि ती जोडी परतीच्या तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. झालं! कोणी काय वाचलं ह्याची नोंदच शिल्लक राहत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के तेवढे उरतात, नावं नाहीत.

दुसरी एक न्यूआर्क पद्धत होती. तिच्यात पुस्तकाच्या कार्डावरच प्रत्येक वाचकाचा क्रमांक लिहीत जायचं. कार्ड भरेपर्यंत सगळा इतिहास त्यावर. शिकताना परीक्षेत ह्या दोन पद्धतींची तुलना हमखास यायची. ‘ब्राऊन पद्धतीचा दोष : मागील नोंद राहत नाही.’ मीही असंच लिहून मार्क मिळवले होते.

१९८८ ची गोष्ट. दुपारची वेळ, काउंटरला गर्दी नव्हती. एक गृहस्थ आले. स्वच्छ कपडे, मृदू बोलणं. “मॅडम, माझी मुलगी तुमच्याकडे एम. ए. ला आहे. घरात पुस्तकं इकडेतिकडे होतात, तिच्या नावावर कुठली आहेत तेवढं सांगाल का? वेळेत परत करायला बरं.”

ब्राऊन पद्धतीत हे सोपं नाही. ट्रे तारखेने लावलेला असतो, नावाने नाही. एक एक तिकीट चाळावं लागतं. मी चाळलं. वीसेक मिनिटं लागली. मामांनी, म्हणजे आमच्या जुन्या परिचरांनी, मध्ये एकदा विचारलं, “बाई, नंतर शोधलं तर चालणार नाही का?” मी म्हटलं, “अहो मामा, बिचारे ताटकळलेत.” वाचकाचा वेळ वाचवा ना!

तीन पुस्तकं निघाली. एक अभ्यासाचं. दोन बँकेच्या अधिकारी परीक्षेची. मी नावं कागदावर लिहून दिली. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, आभार मानले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ आला. तिन्ही पुस्तकं आणि सगळी तिकिटं काउंटरवर ठेवली. नाव कमी करायचं आहे, अनामत परत द्या म्हणाला. मी विचारलं, “का हो, शिक्षण?” तो म्हणाला, “लग्न ठरतंय.” त्यानंतर ती मुलगी ग्रंथालयात दिसली नाही.

माझ्या कागदामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित लग्न आधीच ठरत असेल. पण घरी न सांगता ती काहीतरी तयारी करत होती, आणि ती फक्त आमच्या ट्रेला ठाऊक होती, एवढं खरं. पद्धत आपल्या परीने ते झाकून ठेवत होती. मी वीस मिनिटं मेहनत करून ते उघडं केलं. सौजन्य म्हणून.

मामा त्या दिवशी काही बोलले नाहीत. नंतर कधीतरी सहज म्हणाले, “बाई, आपण पुस्तकाचे राखणदार. पोरांचे नव्हे.” मी पुढे विभागात सांगून टाकलं, कोण काय वाचतो हे वाचकाखेरीज कुणालाही सांगायचं नाही. वडील असोत, प्राध्यापक असोत, कुणीही. ह्यावरून दोनदा बोलणीही खाल्ली.

खूप नंतर वाचनात आलं. २००५ साली अमेरिकेत एफबीआयने ग्रंथालयांच्या एका संगणक जाळ्याकडे वापराच्या नोंदी मागितल्या, आणि वर ह्याबद्दल कुठे बोलायचं नाही अशी बंदी घातली. तिथल्या चार ग्रंथालयवाल्यांनी नकार दिला आणि कोर्टात गेले. २००६ मध्ये बंदीही उठली आणि मागणीही मागे घेतली गेली. हे राज्य कुठलं? कनेक्टिकट. सयाजीरावांचा बॉर्डन जिथून आला तेच. वाचताना आनंद झाला, आणि स्वतःची लाजही वाटली. त्यांनी एफबीआयला नाही म्हटलं. मला एका मृदू बोलणाऱ्या गृहस्थांना म्हणता आलं नव्हतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण काउंटरवर कायदा शेवटी माणसाच्या तोंडूनच बोलतो, किंवा गप्प बसतो.

आता संगणक आला. त्याला सगळं लक्षात राहतं. भाचीला वीस मिनिटंही लागणार नाहीत, एका क्लिकचं काम. तिच्याकडे ‘कोहा’ नावाची प्रणाली आहे. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने २००० साली बनवलेली, फुकट मिळणारी. कोहा हा माओरी शब्द आहे. अर्थ भेट, पण परतफेडीची जाण असलेली. म्हणजे जवळपास आपली देवघेवच! त्यात एक सोय आहे. परत केलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची की पुसायची हे वाचकालाच ठरवू देता येतं. ग्रंथालयाने ती सोय सुरू केली पाहिजे मात्र. किती ठिकाणी करतात, देव जाणे.

तर बाई गं, मी काउंटरवर बसून काय करायचे ह्याचं उत्तर असं. पुस्तकं द्यायचे, घ्यायचे, आणि कोणी काय नेलं ते विसरायचे. पहिली दोन कामं मशीन माझ्यापेक्षा बरी करतं. तिसरं त्याला मुद्दाम शिकवावं लागतं. तुझ्या ग्रंथालयात ती सोय चालू आहे का, उद्या जाऊन तेवढं बघ, आणि मला फोन कर.