श्रीक्षेत्र उज्जयिनी : जीर्णोद्धार आणि जतन

मोक्षदायिनी सप्तपुरींमध्ये अवंतिकेची गणना होते. इ. स. १२३५ च्या सुमारास अल्तमशच्या स्वारीत तेथील श्रीमहाकालेश्वराचे मंदिर उद्ध्वस्त झाले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते पुन्हा उभारले. मराठी माणसाची ही सेवा भाविकांस सुपरिचित आहे. तिच्याइतकीच मोलाची, परंतु फारशी कोणाच्या स्मरणात नसलेली दुसरी सेवा म्हणजे प्राचीन अवशेषांचे जतन होय.

जीर्णोद्धाराचा हेतू देवस्थान पुन्हा नांदते करण्याचा असतो. त्यात जुने उतरवून नवे चढविणे ओघानेच येते. जतनाचा धर्म निराळा. जे उरले आहे ते मूळ रूपात टिकवावे, त्याची नोंद ठेवावी, आणि दुरुस्तीने त्याची साक्ष पुसू नये, हे त्याचे सूत्र.

ग्वाल्हेर दरबाराने आपल्या राज्यात स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापिले व त्याची धुरा मो. ब. गर्दे यांनी दीर्घकाळ वाहिली. गढ, वैश्य टेकरी व कुम्हार टेकरी येथे १९३८ च्या सुमारास त्यांनी उत्खनन केले. स्वातंत्र्यानंतर १९५५ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे न. र. बॅनर्जी यांनी गढाचे पुन्हा उत्खनन केले. तेव्हा प्राचीन नगरीभोवतीचा मातीचा प्रचंड तट व त्यालगतचा खंदक उजेडात आला. पुराणांतून ऐकलेल्या अवंतीस अशा रीतीने मृत्तिकेची साक्ष मिळाली.

१९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके व स्थळे केंद्राच्या संरक्षणाखाली आली. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे व त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीवाचून करता येत नाही. संरक्षित स्मारक पूजास्थान असल्यास त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा उपयोग करण्यास हाच कायदा मनाई करतो. तेव्हा संरक्षण म्हणजे उपासनेस अडथळा, हा समज यथार्थ नव्हे.

श्रीमहाकालेश्वराचा कारभार मात्र १९८२ च्या राज्य अधिनियमान्वये मंदिर समितीकडे आहे. तरीही ज्योतिर्लिंगाची झीज होऊ लागल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २०१७ मध्ये पुरातत्त्व व भूविज्ञान या दोन्ही सर्वेक्षणांच्या तज्ज्ञांकडून लिंगाची पाहणी करविण्यात आली. त्यानंतर अभिषेकासाठी प्रत्येक भाविकास शुद्ध केलेले अर्धा लिटर पाणी, आणि भस्मारतीच्या वेळी लिंगावर कोरडे सुती वस्त्र, असे नियम ठरले. १ सप्टेंबर २०२० च्या आदेशाने भाविकांनी लिंग चोळण्यास प्रतिबंध झाला. ज्या हातांनी भक्तिभावाने दूध, दही व मध अर्पण केले, त्याच हातांच्या घर्षणाने पाषाण झिजत होता, हे भाविकांस कटू वाटले असेल. परंतु देवाच्या अंगास इजा न पोहोचू देणे हीदेखील पूजाच नव्हे काय?

२०२०-२१ मध्ये मंदिर-परिसराच्या विस्तारासाठी खोदकाम चालू असता परमारकालीन मंदिराचे अवशेष प्रकटले व त्यांची तज्ज्ञांकडून तपासणी झाली. भूमीखाली काय दडले आहे हे कुदळ मारणाऱ्यास आधी कळत नाही; म्हणून असे काही दिसताच हात थांबविणे, हाच खरा विवेक.

हा विवेक प्रत्येक मठाच्या व देवालयाच्या विश्वस्तांनी अंगी बाणवावा. जुन्या शिळेवर रंग चढविण्यापूर्वी, भंगलेली मूर्ती हलविण्यापूर्वी, शिलालेखावर चुना ओतण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा. सुखटणकरांनी देऊळ उभारले, गर्द्यांनी त्याच नगरीची माती जपली. पूर्वजांचे ऋण या दोन्ही मार्गांनी फिटते.