पत्र लिहिणारे वाचक आणि न लिहिणारे वाचक : 'ग्रीन लँटर्न'च्या वादातून स्रोत कसा वाचायचा?

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये समाजाचे प्रश्न यावेत, की नुसती मारामारी आणि अंतराळ असावं? चाहत्यांमधला हा वाद आजचा नाही, पन्नास वर्षांहून जुना आहे. आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंचे लोक पुरावा म्हणून पुष्कळदा एकाच मालिकेकडे बोट दाखवतात. ती मालिका म्हणजे अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सची 'ग्रीन लँटर्न', त्यातही १९७० ते १९७२ चे अंक. एक बाजू म्हणते, "बघा, वाचकांनी डोक्यावर घेतलं, पुरस्कार मिळाले." दुसरी म्हणते, "बघा, दोन वर्षांत बंद पडलं. लोकांना उपदेश नको होता."

दोन्ही वाक्यांत 'वाचकांना काय वाटलं' याबद्दल ठाम दावा आहे. संशोधक म्हणून आपला पहिला प्रश्न असा हवा : वाचकांना काय वाटलं हे आपल्याला कळणार तरी कुठून? आजचा लेख त्याबद्दल आहे. नेट-सेट किंवा पेट झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा विषय कोणताही असो, हा प्रश्न तुमच्यासमोर येणारच.

आधी घटना समजून घेऊ

'ग्रीन लँटर्न' म्हणजे हॅल जॉर्डन, हिरव्या अंगठीच्या बळावर आकाशगंगेच्या एका भागाची राखण करणारा अंतराळ-पोलीस. साठच्या दशकाच्या शेवटी मालिकेचा खप घसरत होता. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी ती लेखक डेनी ओ'नील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांच्या हाती दिली. एप्रिल १९७० ही तारीख असलेल्या ७६ व्या अंकापासून हॅलच्या जोडीला ग्रीन अ‍ॅरो आला. संपत्ती गमावलेला आणि डाव्या विचारांचा हा धनुर्धर हॅलला सतत टोचत राहतो. त्याच अंकात एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस हॅलला विचारतो, की दूरच्या ग्रहांवरच्या निरनिराळ्या रंगांच्या लोकांसाठी तू एवढं केलंस, मग आमच्यासाठी काय केलंस? हॅलकडे उत्तर नसतं. पुढे दोघं एका पिकअप ट्रकमधून अमेरिका बघायला निघतात. वंशभेद, प्रदूषण, लोकसंख्या, खाणकामगारांचं शोषण असे विषय एकामागून एक येतात.

१९७१ मधल्या ८५ आणि ८६ व्या अंकांत ग्रीन अ‍ॅरोचा तरुण साथीदार स्पीडी हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९५४ पासून प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला होता आणि अमली पदार्थांच्या कथा त्यात बसत नव्हत्या. त्याच वर्षी मार्व्हलने 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे ९६ ते ९८ हे अंक कोडच्या शिक्क्याशिवाय काढले. त्यानंतर कोड सैल झाला आणि डीसीची कथा शिक्क्यासह आली. ८७ व्या अंकात जॉन स्टुअर्ट हा कृष्णवर्णीय ग्रीन लँटर्न अवतरला. १९७२ मध्ये ८९ व्या अंकानंतर मालिका थांबली आणि ही पात्रं काही काळ 'फ्लॅश'च्या अंकात मागच्या पानांवर गेली.

पुरावा क्रमांक एक : पत्रांचं पान

त्या काळच्या अंकांत वाचकांची पत्रं छापली जात. 'ग्रीन लँटर्न'चं स्वतःचं पत्रांचं सदर होतं. श्वार्ट्झ मूळचे विज्ञानकथांचे चाहते. १९३२ मध्ये, कॉमिक्सच्या धंद्यात येण्याच्या बऱ्याच आधी, त्यांनी मित्रांबरोबर 'द टाइम ट्रॅव्हलर' हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं होतं. विज्ञानकथेच्या मासिकांत पत्रलेखकांचे पत्ते छापल्यामुळे चाहते एकमेकांना सापडतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. साठच्या दशकात कॉमिक्समध्येही त्यांनी पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. उत्तम पत्राला मूळ चित्रांची पानं बक्षीस द्यायचीही त्यांची रीत होती. १९६१ मध्ये जेरी बेल्स आणि रॉय थॉमस यांनी 'ऑल्टर इगो' हे चाहत्यांचं नियतकालिक सुरू केलं होतं. म्हणजे चाहत्यांची चर्चा आता छापील पानाबाहेरही चालू लागली होती.

अशा पानावर आपल्याला खजिनाच सापडला असं वाटतं. वाचकांचा थेट आवाज! पण विज्ञान शिकलेल्या माणसाने इथे थांबून चार प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न, नमुना कोणी निवडला? पत्रांसाठी जागा पान-दोन पानांची. कोणती पत्रं घ्यायची, कुठे कात्री लावायची हे संपादकाच्या हातात. छापलेल्या पाचांत तीन बाजूची आणि दोन विरोधी असली, तर ते प्रमाण आलेल्या पत्रांचं आहे की संपादकाला हव्या असलेल्या चर्चेचं? वाद रंगलेला दिसणं हे संपादकाच्या फायद्याचंच असतं.

दुसरा प्रश्न, निरीक्षणं स्वतंत्र आहेत का? काही नावं पुन्हा पुन्हा दिसतात. आयरीन वार्टानॉफ, मार्टिन पास्को, बॉब रोझाकिस हे त्या काळचे नेहमीचे पत्रलेखक. पुढे तिघंही याच उद्योगात कामाला लागले. पन्नास पत्रं म्हणजे पन्नास माणसं नव्हेत, आणि ही माणसं सामान्य वाचकही नव्हेत. पेटीच्या दुकानातून अंक घेऊन, वाचून, धाकट्या भावाला देऊन टाकणारा दहा वर्षांचा मुलगा या पानावर जवळपास नाहीच.

तिसरा प्रश्न, वेळेचा. अंकावरची तारीख ही तो बाजारात आल्याची तारीख नसते, ती साधारण दोन-तीन महिने पुढची असते. शिवाय एका अंकावरची पत्रं काही अंकांनंतर छापली जातात. त्यामुळे 'वाचकांच्या पत्रांमुळे कथेने वळण घेतलं' असं लिहिण्याआधी कॅलेंडर मांडा. कित्येकदा असं दिसेल, की पत्र छापून येईपर्यंत पुढचे अंक लिहून झालेले होते.

चौथा प्रश्न, पत्र कोणाचं आहे? ८६ व्या अंकात न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांचं कौतुकाचं पत्र छापलं गेलं. हे वाचकाचं मत म्हणून मोजायचं का? माझ्या मते नाही. पण दुसऱ्या प्रश्नासाठी हा उत्तम पुरावा आहे : कॉमिक्सकडे पोरखेळ म्हणून बघणाऱ्या समाजात प्रकाशकाला कोणाची शाबासकी मिरवाविशी वाटत होती?

पुरावा क्रमांक दोन : खपाचे आकडे

"मग पत्रं सोडा, विक्री बघा," असं कोणी म्हणेल. अमेरिकेत टपालाच्या सवलतीच्या दराने जाणाऱ्या नियतकालिकांना वर्षातून एकदा मालकी आणि खपाचं निवेदन छापावं लागे. ते अंकातच सापडतं. छान स्रोत आहे, पण त्यात वर्षाची सरासरी असते. ८५ व्या अंकाने खप वाढवला की घटवला, हे त्या सरासरीतून काढता येत नाही.

दुसरी अडचण धंद्याच्या रीतीची. न खपलेले अंक परत घेण्याची पद्धत होती. पुढे पुढे वितरकाने 'इतके अंक खपले नाहीत, नष्ट केले' असं लिहून दिलं की पुरे होऊ लागलं. चाहत्यांच्या आवडीचे अंक मागच्या दाराने विक्रेत्यांकडे गेले आणि कागदावर मात्र 'न खपलेले' राहिले, असा दावा बऱ्याच वर्षांपासून केला जातो. तो खरा धरला तर नील अ‍ॅडम्स यांच्या अंकांचा खप कागदावर कमी दिसण्याची शक्यता अधिक, कारण चाहते तेच शोधत होते. म्हणजे मोजमापातली चूक सगळीकडे सारखी नाही. ती नेमकी आपल्याला हव्या असलेल्या अंकांत जास्त असू शकते.

तिसरी अडचण एकाच वेळी बदललेल्या घटकांची. १९७१ च्या मध्यावर डीसीने पानं वाढवून किंमत १५ सेंटवरून २५ सेंटवर नेली. मार्व्हलनेही तसंच केलं, पण लगेच मागे फिरून २० सेंटवर अंक आणले. डीसीच्या अनेक मालिकांना याचा फटका बसला. आता मालिका बंद पडली ती विषयांमुळे, किमतीमुळे, वितरणामुळे, की आधीपासूनच्या घसरणीमुळे? प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतो. इतिहासात ती सोय नाही. फार तर तुलना करता येते : त्याच काळात, त्याच किमतीत, 'सामाजिक' विषय नसलेल्या डीसीच्या मालिकांचं काय झालं?

मग पुरस्कारांचं काय?

१९७० च्या कामासाठी 'शझाम' पुरस्कारांत या मालिकेला सर्वोत्तम चालू मालिका आणि सर्वोत्तम कथा असे मान मिळाले. पण हे पुरस्कार होते कॉमिक्स व्यवसायातल्या लोकांच्या संस्थेचे. सहकाऱ्यांनी दाद दिली एवढं त्यातून नक्की कळतं. वाचकांबद्दल त्यातून काही कळत नाही.

तर हाती काय उरतं?

निराश होऊ नका, बरंच उरतं. पत्रांच्या पानावरून 'किती लोकांना आवडलं' हे कळत नाही, पण 'कोणत्या भाषेत वाद घालता येत होता' हे फार छान कळतं. अंतराळ-पोलिसाने गल्लीतल्या प्रश्नांत पडावं का, नायकाला खजील केल्याने त्याचं पात्र मोडतं का, गोष्ट कुठे संपते आणि भाषण कुठे सुरू होतं, या कसोट्या तेव्हापासून आजपर्यंत चालत आल्या आहेत.

वाचक आणि लेखक यांच्यातली भिंत किती पातळ होती हेही कळतं. ब्रँडाइस विद्यापीठातल्या इलियट मॅगिन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ग्रीन अ‍ॅरोची एक कथा लिहिली. ती ८७ व्या अंकात छापून आली आणि पुढे तोच सुपरमॅनचा एक प्रमुख लेखक झाला. चाहत्यांचा वाद म्हणजे बाहेरून होणारी बडबड नव्हती. पुढच्या पिढीचे लेखक-संपादक त्या वादातच तयार होत होते. माझ्या मते या स्रोतातून निघणारा सगळ्यात भक्कम निष्कर्ष हाच आहे.

आता दोन वाक्यं शेजारी ठेवा. एक : 'वाचकांनी सामाजिक विषय नाकारले म्हणून मालिका बंद पडली.' दोन : '१९७० ते १९७२ मधल्या छापील पत्रांत मालिकेच्या दिशेबद्दल कोणते युक्तिवाद दिसतात, आणि ते करणाऱ्यांपैकी कोण पुढे या व्यवसायात आलं, याचा शोध घेता येतो.' पहिलं वाक्य चमकदार आहे, पण व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. दुसरं थोडं रुक्ष आहे, पण त्यावर तीन वर्षं काम करता येईल.

तुमच्या विषयात वाचकांची पत्रं असतील (मराठी साप्ताहिकांचे जुने अंक चाळणाऱ्यांना ती हमखास भेटतात), तर वहीत तीन रकाने आखा : कोणी लिहिलं, कोणी निवडलं, कोण गैरहजर आहे. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तो रिकामा ठेवून मात्र पुढे जाऊ नका.