आंबेजोगाईचे दोन लेख : एक शिळेवरील, एक वस्त्रावरील

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाई हें स्थान पुराणवस्तूंच्या शोधकांस अपरिचित नाहीं. निजामी अमलांत मोमिनाबाद या नांवानें ओळखलें जाणारें हें गांव पाहण्यास आम्ही चौघे स्नेही मिळून गेलों होतों. सोबत्यांत एक लेखवाचनांत मुरलेले, एक पोथ्यांचे संग्राहक व एक केवळ देवदर्शनास आलेले. त्यामुळें कोणत्या ठिकाणीं किती थांबावें याविषयीं एकमत होणें कठीणच होतें.

जयंती नदीकांठचें हत्तीखान्याचें लेणें प्रथम पाहिलें. तेथील खडकांत कोरलेल्या हत्तींस लोक योगेश्वरीच्या लग्नाचें वऱ्हाड समजतात. परळीच्या वैजनाथाशीं ठरलेल्या विवाहाचा मुहूर्त टळला व वऱ्हाडी जागच्या जागीं शिळा झाले, अशी कथा आहे. देवदर्शनास आलेले गृहस्थ ती भक्तिभावानें ऐकत असतां लेखवाचक भिंतीवर अक्षरें शोधीत होते. पुढें मुकुंदराजांच्या समाधीपाशीं शके १११० चा जुना वाद निघालाच. परंतु विवेकसिंधुकाराचें गांव हेंच कीं वैनगंगेवरील आंभोरें, याचा निर्णय समाधीच्या दगडांवरून होण्यासारखा नाहीं. सबब तो येथें उकरीत नाहीं.

आमचें मुख्य लक्ष खोलेश्वराच्या देवळाकडे होतें. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर हा मुद्गल गोत्री ब्राह्मण. गांवांतील बाराखांबी म्हणजे सकलेश्वराच्या देवळाचा संबंध त्याच्याशीं जोडतात व तेथील लेख शके ११५० चा आहे. त्यामुळें ज्यास आज लोक खोलेश्वराचें देऊळ म्हणतात तेंही त्यानेंच बांधलें असावें, असा समज सहज होतो. येथील शके ११६२ (इ. स. १२४०) चा संस्कृत लेख मात्र निराळेंच सांगतो. खोलेश्वराचा पुत्र राम हाही सेनानी होता. गुजराथच्या स्वारींत नर्मदेच्या परिसरांत तो पडला. त्याच्या मागें त्याची बहीण लक्ष्मी हिनें अल्पवयी भाच्याच्या वतीनें कारभार पाहिला व भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचें हें देऊळ उभारलें.

म्हणजे वास्तु बहिणीची, स्मरण भावाचें आणि लोकांच्या तोंडीं नांव राहिलें तें बापाचें! पराक्रमी पुरुषाचें नांव आजूबाजूच्या सगळ्या दगडांस चिकटतें, हा अनुभव नवा नाहीं. पण येथें शिळा शाबूत असल्यामुळें तरी हा दोष दुरुस्त करतां येतो. रामाच्या मृत्यूचें वर्ष शके ११६२ च्या पुढें नेतां येत नाहीं, हा दुसरा लाभ. ग. ह. खरे यांनीं ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत (१९३०) हे लेख छापल्यामुळें ते अभ्यासकांच्या हातीं आहेत. गांवकऱ्यांच्या हातीं ते अद्याप आलेले दिसले नाहींत.

दुसरा लेख म्हणजे दासोपंतांची पासोडी. दासोपंत (शके १४७३-१५३७) यांस लेखनासाठीं रोज एका ढबूची शाई लागे अशी आख्यायिका आहे. गीतार्णवाचा सव्वा लाख ओव्यांचा विस्तार ऐकिला म्हणजे ती अतिशयोक्त वाटत नाहीं. पंचीकरणाचा विषय मात्र त्यांनीं कागदावर न मांडतां सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या वस्त्रावर मांडला. मजकुरासोबत तेथें आकृत्याही आहेत. कोणतें तत्त्व कोठून निघालें हें नजरेनें कळावें, अशी ती योजना आहे. छापतांना ओळीमागून ओळ घेतली तर शब्द राहतात, पण योजना नाहींशी होते; म्हणून नुसती नक्कल पुरेशी मानूं नये.

आमच्या संग्राहक मित्रांनीं ही वस्तु एखाद्या मोठ्या शहरांतील संग्रहांत नेण्याची कल्पना काढली. आम्हांस ती मान्य नाहीं. दासोपंतांची समाधि, त्यांचीं थोरलें व धाकटें अशीं देवघरें आणि पासोडी हीं एका गांवीं आहेत, हाच तिच्या परंपरेचा पुरावा होय. नेण्यापेक्षां तिचीं छायाचित्रें हातहातभर भागांचीं, शेजारील भाग थोडा पुन्हां येईल अशा रीतीनें व मोजपट्टी ठेवून घ्यावीं. असें वस्त्र घडी घालून ठेविल्यास घडीवरच्या ओळी आधीं जातात. तें जाड रुळावर, मधें स्वच्छ कापड घालून, सैल गुंडाळावें.