शून्य बरोबर शून्य

बारावीला नांदेडहून लातूरला आलो, तेव्हा ट्रंकेत तूर विकून भरलेल्या फीची पावती होती. पहिल्याच महिन्यात व्हीटस्टन ब्रिजच्या गणितावर अडकलो. बॅटरीची धरून सहा शाखा, म्हणजे सहा प्रवाह काढायचे. दिसेल तो लूप घेत गेलो. सात लूप सापडले. सहा अज्ञात, सात समीकरणं, वाटलं, जमलं. सोडवता सोडवता उरलं ० = ०. तीनदा तपासलं, चूक सापडेना. त्या रात्री वाटलं, सरळ नांदेडची एसटी धरावी.

सकाळी सरांनी वही पाहिली. "समीकरणं बरोबर हायत रे. पण तू तेच तेच फिरून लिहायलास."

'लातूर पॅटर्न'मध्ये सराव भरपूर होतो. पण नवं किती आणि तेच तेच किती, हे आधी मोजायचं असतं, हे मला कळलं ते गुस्टाफ किरचॉफमुळे.

१८४५ साली क्योनिग्सबर्गमध्ये शिकत असताना, २१ व्या वर्षी त्यानं दोन नियम मांडले. जंक्शनला जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर पडतो. आणि लूपची फेरी पूर्ण झाली की व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य. बालाघाटात कितीही चढा-उतरा, निघालात तिथेच परत आलात की उंची तीच!

१८४७ मध्ये त्यानं पुढचा प्रश्न सोडवला: किती लूप पुरतात? एकही लूप उरणार नाही, पण सगळी जंक्शनं जोडलेली राहतील, अशा बेतानं शाखा काढत जा. जेवढ्या काढाल, तेवढीच लूपची नवी समीकरणं. म्हणजे शाखा वजा जंक्शन अधिक एक. माझ्या ब्रिजसाठी ६ − ४ + १ = ३. उरलेले चार लूप याच तिघांच्या बेरीज-वजाबाकीतून येतात. चार जंक्शनांतूनही तीनच समीकरणं नवी मिळतात. तीन आणि तीन, सहा. मी सात लूप लिहिले, पण जंक्शनांकडे पाहिलंच नव्हतं.

जंक्शनवरून सोडवलं तर काम आणखी हलकं: एका जंक्शनचं व्होल्टेज शून्य धरा, अज्ञात उरतात तीन. १९७३ साली बर्कलीत तयार झालेला 'स्पाइस' हा प्रोग्रॅम याच वाटेनं गेला. चिपमधली सर्किट्स आजही त्याच घराण्यातल्या प्रोग्रॅम्सवर तपासली जातात.

ती वही अजून आहे. ० = ० वर मारलेली लाल फुली मात्र मी नंतर खोडली. ते उत्तर चूक नव्हतंच.