शिवजन्मतिथि आणि पुनावळ्यांतील तरुणांची शंका

गेल्या फाल्गुनांत पुनावळें येथील कांहीं तरुण मंडळी आमच्याकडे एक शंका घेऊन आली. त्यांत दोन मुलीहि होत्या. गांवांतील एक मंडळ शिवजयंती १९ फेब्रुवारीस करतें, दुसरें फाल्गुन वद्य तृतीयेस, आणि घरोघरचे वृद्ध तर वैशाखांतील द्वितीया सांगतात. "गुरुजी, एका राजाचे जन्मदिवस तीन कसे?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. वडीलधाऱ्यांस तो विचारला असतां "महाराजांविषयीं शंका काढतां काय?" एवढेंच उत्तर त्यांस मिळालें होतें.

हेंच उत्तर पूर्वीं एकदां आमच्याहि तोंडून गेलें आहे. शिक्षकीच्या पहिल्याच वर्षीं एका विद्यार्थ्यानें ही शंका काढली, तेव्हां आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्यावेळीं पुरावा आम्हांस ठाऊक नव्हता, ही खरी गोष्ट. म्हणून या खेपेस तो मांडणें आम्हांस प्राप्तच झालें.

वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथि मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींतील होय. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभींची. म्हणजे ती लिहिली गेली तेव्हां शिवजन्मास पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. ग्रँट डफनेंहि १६२७ हेंच वर्ष दिलें, आणि बखरीच्या बळावर तें सर्वत्र रूढ झालें. इ. स. १९१६ मध्यें कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध झाली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी, अशी स्वच्छ नोंद निघाली. ती प्रसिद्ध करणारे कोण? ज्यांनीं १८९६ सालीं रायगडावर शिवोत्सव भरविला, तेच लोकमान्य टिळक. उत्सवाच्या पुरस्कर्त्यानेंच रूढ तिथीस बाध आणणारा कागद लोकांपुढें ठेविला. त्यास कोणी शिवद्रोही म्हणालें नाहीं!

दुसरा पुरावा कवींद्र परमानंदाच्या शिवभारताचा. कवि महाराजांच्याच काळचा. तंजावर येथें मिळालेलें हें काव्य स. म. दिवेकर यांनीं संपादून १९२७ त प्रसिद्ध केलें. आम्हीं तें प्रथम वाचलें तें अनुष्टुभाच्या गोडीनें. जन्मकालाचे श्लोक भरभर ओलांडले, हें कबूल केलें पाहिजे. संस्कृत कवीची अतिशयोक्ति इतिहासांत जपूनच घ्यावी लागते. परंतु संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष आणि तिथि हीं सांगतांना परमानंद अलंकार बाजूस ठेवून जोशीबुवासारखा बोलतो, आणि त्याची तिथि शकावलीशीं जुळते. जोधपूरच्या जुन्या कुंडलीसंग्रहांतील महाराजांच्या कुंडलींतहि फाल्गुन वद्य तृतीयाच आहे. मावळांतला देशमुख, कावेरीकाठची पोथी आणि मारवाडचा ज्योतिषी यांनीं संगनमत केलें असें कोण म्हणेल?

मग आम्ही त्या मुलांसह गणितास बसलों. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. परंतु फाल्गुन पुढील इंग्रजी वर्षांत पडतो, म्हणून येथें ७९ मिळवावे लागतात. याप्रमाणें १६३० आलें. तिथीशीं जुळणारी तारीख १९ फेब्रुवारी. वार शुक्रवार, तोहि बरोबर. मात्र ही तारीख त्यावेळीं इंग्रज पाळीत असलेल्या ज्यूलियन गणनेची. आजच्या ग्रेगोरियन गणनेनें तोच दिवस १ मार्च होतो. "म्हणजे आणखी चौथा जन्मदिवस!" असें एक मुलगी म्हणाली, आणि आम्हांसहि हंसूं आवरेना. परंतु उलगडा तेथेंच झाला. तारखेचें मंडळ आणि तिथीचें मंडळ एकाच दिवसाचें स्मरण करतात. भेद मोजण्याचा आहे. निराळा दिवस काय तो वैशाखांतला. शासनानें १९६६ सालीं इतिहासज्ञांची समिति नेमली, तींतहि एकमत झालें नाहीं. १९ फेब्रुवारीस सरकारी मान्यता मिळण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

मुलांनीं हा सर्व पुरावा एका फलकावर लिहून मंडपाच्या दाराशीं लावण्याचें ठरविलें. तेव्हां गांवांतील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा राग नव्हता, दुःख होतें. "आमच्या वडिलांनीं वैशाखांत अनवाणी पालखी वाहिली. ती खोटी होती असें आतां लिहायचें काय?" या प्रश्नास आमच्यापाशीं श्लोक नव्हता. वडिलांस जें ज्ञात होतें त्यास अनुसरून त्यांनीं भक्ति केली. तिथि चुकली म्हणून वाहिलेला भार हलका होत नाहीं, इतकेंच आम्ही म्हणालों. वैशाखाची ओळ गाळावी कीं ठेवावी यावर मुलांचा दोन रात्री खल झाला.

फलक लागला तेव्हां ती ओळ होती, आणि तिच्यापुढें "चिटणीस बखरीप्रमाणें, पूर्वीं गांवांत याच दिवशीं पालखी निघे" असें लिहिलें होतें. अक्षर त्या वृद्ध गृहस्थांच्या नातीचें होतें.