गिटारवाल्याचे नाव कुठे होते?

अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने 1987 साली कृष्णवर्णीय गायक स्मोकी रॉबिन्सन यांचा सन्मान केला. एकट्यांचा. ज्या 'मिरॅकल्स' गटातून ते पुढे आले, त्यातील क्लॉडेट रॉबिन्सन, पीट मूर, बॉबी रॉजर्स, रॉनी व्हाइट आणि गिटारवादक मार्व टार्प्लिन दाराबाहेर राहिले. आम्ही बोलणार आहोत ते यातल्या शेवटच्या नावाविषयी. गाणाऱ्यांचा निदान आवाज तरी लोकांच्या कानात राहतो, वाजवणाऱ्याचे काय?

टार्प्लिन यांचा जन्म 1941 चा, अटलांटाचा. डेट्रॉईटमध्ये ते 'प्रायमेट्स' या मुलींच्या गटाला साथ करत. (हाच गट पुढे 'सुप्रीम्स' म्हणून गाजला.) मुली रॉबिन्सन यांना गाणे ऐकवायला आल्या, तेव्हा त्यांचे लक्ष गिटारवर गेले आणि त्यांनी वादकच मागून घेतला. 1961 च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर टार्प्लिन इतरांच्या बरोबरीने आहेत. गटाने त्यांना भाड्याचा साथीदार मानले नव्हते, याचा हा पुरावा.

आणि साथ तरी कसली? टार्प्लिन गिटारवर सुरावट बांधून टेप करून देत, रॉबिन्सन ती ऐकत ऐकत शब्द लिहीत. म्हणजे गाणे आधी गिटारवर जन्मायचे. 1965 चे 'द ट्रॅक्स ऑफ माय टिअर्स' असेच झाले. त्याच वर्षी मार्विन गे यांनी गायलेले 'एन्ट दॅट पिक्युलिअर' आर अँड बी यादीत पहिले आले. त्याच्याही रचनाकारांत टार्प्लिन आहेत.

हे नाव कागदावर लागले, ही लहान गोष्ट नव्हे. मोटाऊन कंपनीच्या स्टुडिओतील वादकांची नावे 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'पर्यंत तिच्या अल्बमवर छापलीच जात नसत. वाजवण्याची मजुरी एकदाच मिळते. रचनाकाराला गाणे विकले जाईल तेव्हा हिस्सा मिळतो. श्रेय म्हणजे नुसता मान नाही, भाकरीही आहे.

1972 साली रॉबिन्सन यांनी गट सोडला, बिली ग्रिफिन आले. पुढच्या वर्षी टार्प्लिनही बाहेर पडले. त्यांच्या जागी बिलींचे भाऊ डोनाल्ड आले. या नव्या गटाचे 'लव्ह मशीन' 1976 साली देशात पहिल्या क्रमांकावर गेले. टार्प्लिन रॉबिन्सन यांच्याकडे परतले. 1979 चे 'क्रूझिन' त्या जोडीचेच. 2008 पर्यंत ते त्यांच्यासोबत वाजवत होते.

कोणी म्हणेल, पुढारी मोठा होता म्हणून त्याला मान मिळाला. पण त्या पुढाऱ्याने स्वतः श्रेय वाटून दिले होते! हिसकावले ते संस्थेने. हा केवळ वर्णाचाही प्रश्न नव्हता, हे आम्ही मान्य करतो. बडी हॉली यांचे 'क्रिकेट्स', बिल हेली यांचे 'कॉमेट्स' हे गोरे साथीदारही तसेच वगळले गेले होते. पुढे उभा तो कलावंत, मागे उभे ते मजूर, अशी ती नजर होती.

पंचवीस वर्षांनी, एप्रिल 2012 मध्ये, क्लीव्हलँडच्या समारंभात मिरॅकल्सना आत घेतले. या वेळी यादीत टार्प्लिन यांचे नाव होते. ते 30 सप्टेंबर 2011 रोजीच लास व्हेगासमध्ये वारले होते. रॉनी व्हाइट तर 1995 सालीच गेले होते.